पहाटे साडेपाचची हॉकी: क्लीव्हलँड मॉन्स्टर्सच्या वर्षभराच्या पासबद्दल

मुलगी आणि जावई अमेरिकेत, ओहायोतल्या क्लीव्हलँडला राहायला गेले आणि पहिल्याच हिवाळ्यात तिने मला तिथल्या आइस हॉकीच्या टीमचे सामने मोबाइलवर, टीव्हीवर बघायचा वर्षाचा पास घेऊन दिला. मी नाशिकरोडच्या एका शाळेत 27 वर्षं पी.टी. शिकवली, मुलींच्या खो-खोच्या टीम बांधल्या. "आई, तुला हे आवडेल बघ," एवढंच ती म्हणाली होती. आता अख्खा हंगाम बघून झाला आहे. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं तिकडे आहेत, म्हणून हा पास कुणी घ्यावा आणि काय धरून घ्यावा ते सांगते.

आधी वेळेचं. तिकडे सामना बहुतेक वेळा संध्याकाळी सातला असतो. नोव्हेंबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत ते आपले पहाटेचे साडेपाच होतात. ऑक्टोबरात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर त्यांचं घड्याळ एक तास पुढे असतं, तेव्हा आपले साडेचार. शुक्रवारचा सामना आपल्याला शनिवारी उजाडताना. मुक्तिधामच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. जानेवारीतल्या थंडीत शाल गुंडाळून, आवाज बारीक करून बसायचं, पहिली 20 मिनिटं संपली की चहा टाकायचा, दुसरी संपेपर्यंत दूधवाला येऊन गेलेला असतो. चित्र स्वच्छ दिसतं, पक (बर्फावर सरकणारी रबराची चकती, यांचा चेंडूच म्हणा) कुठे आहे ते आठवडाभरात नजरेला कळायला लागतं.

टीमविषयी मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण ते माहीत नसेल तर चार सामन्यांत वैतागून पास बंद कराल.

क्लीव्हलँड मॉन्स्टर्स ही अमेरिकन हॉकी लीगमधली टीम. ही दुसऱ्या पायरीची लीग. वरची पायरी म्हणजे एनएचएल, नॅशनल हॉकी लीग. दोन्हीकडे 32 टीम आहेत आणि वरच्या प्रत्येक टीमचे खेळाडू घडवणारी एक टीम खाली असते. मॉन्स्टर्सची वरची टीम कोलंबस ब्लू जॅकेट्स. क्लीव्हलँड ते कोलंबस अंतर साधारण आपल्या नाशिक-पुण्याएवढं, थोडं जास्त. म्हणजे कोलंबसमध्ये कुणाच्या पायाला लागलं, की सकाळी इकडे फोन येतो आणि क्लीव्हलँडचा सगळ्यात चांगला खेळाडू बॅग भरून संध्याकाळी तिकडे उतरतो. गोलकीपर गेला तर त्याहून वाईट. मग तिसऱ्या पायरीच्या लीगमधून कुणाला तरी बोलावतात, आणि पुढचे पाच जण कधी न पाहिलेल्या माणसाच्या भरवशावर आठवडाभर बचाव करतात.

त्यात नियमही आहे: गोलकीपर सोडून सामन्याला उतरणाऱ्या 18 जणांपैकी किमान 13 जण घडत असलेले, कमी अनुभवाचे असलेच पाहिजेत. हंगामात 72 सामने, आणि बरेचसे शुक्रवार, शनिवार, रविवारी एकामागोमाग एक. मधे बसचा प्रवास.

सुरुवातीला मला हे काहीच ठाऊक नव्हतं. शुक्रवारी भरभरून गोल करणारी टीम शनिवारी साधा पास देऊ शकत नाही, हे बघून मी मुलीला फोनवर म्हणाले, यांना शिस्त नाही. मग मी वही घातली. प्रत्येक सामन्याला कोण उतरलं, गोलमध्ये कोण होतं, आदल्या दिवशी खेळले होते का, कोण वर गेलं, कोण परत आलं. डिसेंबर संपेपर्यंत वहीतच उत्तर दिसायला लागलं. जिथे सलग चार-पाच सामने तेच तिघे एका फळीत होते, तिथे खेळ एकसारखा होता. जिथे फळी मोडली, तिथे टीम गडबडली. बर्फावरची एक पाळी जेमतेम पाऊण मिनिटाची. तेवढ्यात दुसरा कुठे वळणार आहे हे न बघता कळावं लागतं, आणि ते रोजच्या सोबतीशिवाय कळत नाही.

एक पोरगा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. बचावातला, विशीतला. त्याने आपल्याच गोलसमोरून आडवा पास दिला, समोरच्याने मधेच काढला आणि गोल झाला. कॅमेरा त्याच्यावर गेला. बाकावर बसून तो काठीच्या टोकाची पट्टी नखाने सारखी करत होता, मान वर नाही. मागून प्रशिक्षक आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दोन शब्द बोलला आणि पुढच्याच पाळीला त्याला परत बर्फावर पाठवलं.

मी टीव्ही तसाच चालू ठेवून उठले आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. आमच्या शाळेची टीम एका वर्षी उपांत्य सामना डावाने जिंकली होती. अंतिम सामन्याआधी माझ्या दोन सर्वोत्तम मुलींना जिल्ह्याच्या शिबिराला बोलावणं आलं. त्यांच्यासाठी ते मोठंच होतं, अडवायचा प्रश्नच नव्हता. उरलेल्यांना घेऊन उतरलो आणि वाईट हरलो. खो-खोत बचावाला तिघींची तुकडी आत जाते. माझ्या पहिल्या तुकडीतल्या दोघी त्या दिवशी प्रथमच एकत्र धावत होत्या. एक खांबाकडे वळली आणि दुसरीही तिकडेच. सामना संपल्यावर मी त्या मुलींना सगळ्यांसमोर बोलले, काल जमलं ते आज का जमलं नाही म्हणून. त्या आज चाळिशीच्या आहेत. एक भाजी घ्यायला येते तेव्हा भेटते. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "बाई, मला आठवतंय."

सातत्य ही स्वभावातली गोष्ट आहे असं मी मुलांना शिकवत आले. कविता राऊतच्या नाशिकमध्ये तसं शिकवणं सोपंही होतं. लांब पल्ल्याचं धावणं एकटीच्या रोजच्या घामावर उभं राहतं. टीमचं तसं नाही. टीममधले हात बदलत राहिले तर एकेकाने कितीही घाम गाळला तरी खेळ वर-खाली होणारच.

आणि हीच टीम काय करू शकते तेही सांगायला हवं. 2016 मध्ये, तेव्हा नाव लेक एरी मॉन्स्टर्स होतं, त्यांनी अंतिम फेरीत हर्शी बेअर्सला चार सामन्यांत 4-0 असं साफ हरवून काल्डर कप, म्हणजे या लीगचं विजेतेपद घेतलं. 2024 मध्ये त्याच हर्शीविरुद्ध पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत पहिले तिन्ही सामने हरले, मग लागोपाठ तीन जिंकले, आणि सातवा जादा वेळेत गमावला. एकाच मालिकेत दोन्ही मॉन्स्टर्स दिसतात. जावयांनी मला ही मालिका समजावून सांगितली तेव्हा मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवली.

आता पासच्या तक्रारी, कारण त्या आहेत. ज्या अ‍ॅपवर आम्ही पास घेतला तिथे पहिलं पान उघडलं की निकालच समोर. पहाटे उठणं झालं नाही आणि दुपारी रेकॉर्डिंग बघायचं ठरवलं, तर सगळी मजा गेली. आकडे लपवायची सोय मला सापडली नाही, त्यांना मेलही केला. उत्तर आलं ते भलत्याच प्रश्नाचं. दोनदा ऐन जादा वेळेत चित्र गोठलं. इंटरनेट आमचं असेल असं धरून मी मोबाइलच्या डेटावर लावलं, तिथेही तेच. आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार: आज कोण खेळत नाही आणि का, हे सामन्याच्या पानावर कुठेच नसतं. समालोचक सांगतात, पण भराभर इंग्रजीत, आणि ते निसटलं की प्रेक्षक माझ्यासारखाच टीमला बेशिस्त ठरवून मोकळा होतो. एक ओळ लिहायला काय हरकत आहे? अमका वर गेला, अमका दुखावला, आज गोलमध्ये नवा.

महिन्याचा पास घेऊ नका. महिन्याभरात फक्त हार-जीत दिसते. जिंकणारी टीम हवी असेल तर हा पास तुमच्यासाठी नाही. शाळेत, क्लबात, मैदानावर मुलांना शिकवणाऱ्यांनी मात्र जरूर घ्यावा, आणि शेजारी वही ठेवावी. पाचपैकी साडेतीन देते. तो अर्धा गुण त्या प्रशिक्षकाच्या हातासाठी आहे.

मार्चमध्ये तो बचावातला पोरगा वर बोलावला गेला. दोन सामने त्याची जागा रिकामी रिकामी वाटली, दोन्ही हरलो. तिसऱ्या पहाटे साडेचारला लावलं तर तो परत आलेला, आणि त्याच्या शेजारी एक अगदी नवा, घाबरलेला मुलगा. पहिल्या पाळीआधी ह्याने त्याच्या हेल्मेटवर काठीने हलकेच टकटक केली. मी वहीत दोघांचे नंबर एका ओळीत लिहिले.