जो स्ट्रमर की जेलो बियाफ्रा: आधी कोणाला ऐकावं?

राजकीय पंक (वेगवान, बंडखोर रॉक संगीत) नव्याने ऐकायला घेणाऱ्याला ही दोन नावं लगेच भेटतात. दोघंही उघडपणे डावे, दोघांचेही बँड सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातले. तरी त्यांच्या वाटा फार वेगळ्या आहेत.

स्ट्रमर लंडनच्या 'द क्लॅश'चा गायक. 1977 मध्ये बँडने सीबीएस या बड्या कंपनीशी करार केला, तेव्हा पंकवाल्यांनीच नाकं मुरडली. पण त्या कंपनीत राहूनच त्यांनी 1980 मध्ये 'सँडिनिस्ता!' हा तीन रेकॉर्डांचा संच स्वस्तात विकायला लावला आणि त्यासाठी आपल्या रॉयल्टीवर पाणी सोडलं. 1978 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात वर्णद्वेषाविरुद्ध झालेल्या मोठ्या मैफलीत त्यांनी वाजवलं. त्यांच्या संगीतात रेगे, फंक, रॉकबिली सगळं मिसळतं, त्यामुळे पंकची सवय नसलेला कानही रमतो. नोव्हेंबर 2002 मध्ये संपावरच्या अग्निशमन कर्मचाऱ्यांसाठी स्ट्रमर गायला. पुढच्याच महिन्यात, वयाच्या पन्नाशीत, तो गेला.

बियाफ्रा सॅन फ्रान्सिस्कोच्या 'डेड केनेडीज' या बँडचा गायक. आवाज चिरका, थरथरता. पहिल्यांदा ऐकताना त्रास होतो. पण त्याची कारकीर्द मला जास्त खोल वाटते, कारण बोलण्याची किंमत तिथे स्पष्ट दिसते. 1979 मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरपदासाठी उभा राहिला आणि चौथा आला. व्यापाऱ्यांनी शहरात विदूषकाच्या वेशात फिरावं, हे त्याच्या जाहीरनाम्यातलं एक कलम होतं! त्याच वर्षी 'ऑल्टरनेटिव्ह टेंटॅकल्स' ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी सुरू झाली. 1985 च्या 'फ्रँकेनक्राइस्ट' या अल्बमसोबत एच. आर. गीगर या चित्रकाराचं एक लैंगिक चित्र पोस्टर म्हणून दिलं होतं. त्यावरून 1986 मध्ये पोलिसांनी बियाफ्राच्या घराची झडती घेतली. अल्पवयीनांना घातक साहित्य पुरवल्याचा आरोप ठेवला. 1987 मध्ये लॉस एंजेलिसला ज्युरीचं एकमत झालं नाही आणि खटला निकालात निघाला. तोवर बँड फुटला होता. पुढे तो मंचावर एकट्याने तासन्‌तास राजकारणावर बोलत राहिला.

एक गोष्ट मला डाचते. 2000 मध्ये रॉयल्टीच्या वादात ज्युरीने त्याच्याविरुद्ध आणि जुन्या साथीदारांच्या बाजूने कौल दिला. बड्या कंपन्यांवर तुटून पडणाऱ्या माणसाबद्दल हे विसरून चालत नाही.

मग निवड? गाणी हवी असतील तर स्ट्रमर, आणि सुरुवात 1979 च्या 'लंडन कॉलिंग' या अल्बमपासून. त्याचे उच्चार पुटपुटल्यासारखे असतात, म्हणून शब्द समोर ठेवून ऐका. अभिव्यक्तीस्वातंत्र्य, सेन्सॉरशिप, निवडणुका हे तुमचे विषय असतील, तर थेट बियाफ्राकडे जा: आधी 1980 चा 'फ्रेश फ्रूट फॉर रॉटिंग व्हेजिटेबल्स', मग त्याची भाषणं. मला एकच निवडायला सांगितलं तर मी बियाफ्रा घेईन.