सोफ्यामागे अख्खा भातहंगाम: डहाणूकडून करून घेतलेलं वारली चित्र

दिवाणखान्यासाठी तीन बाय दोन फुटांचं चित्र डहाणूकडच्या एका वारली चित्रकाराकडून करून घेतलं. कापडावर शेणाचा हात, वर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. ट्रेपासून कुर्त्यापर्यंत छापलेला तो गोल तारपा नाच मला नको होता, तसं फोनवर सांगितलं. चित्रकार दादा म्हणाले, "मग आवणी काढतो ताई."

आणि काय काढलीय ही भातलावणी! खाली राब (रोपांसाठीची जमीन) भाजतायत, मध्ये वाकलेल्या बायकांची रांग रोपं लावतेय, वर झोडणी आणि उडवी (भाताच्या पेंढ्यांची रास). म्हणजे वर्षभराचं काम एकाच कापडावर, आणि जवळचं-लांबचं असा भेदच नाही. डोंगरावरचा माणूस खळ्यातल्या माणसाएवढाच. ताडावर चढलेला गडी, खाली वाट बघणारा कुत्रा. पाहुणे चहा विसरून उंदीर शोधत बसतात (आहे, कणगीमागे).

मुळात ही कला लग्नघरातल्या भिंतीवरची, सवाशिणी चौक (लग्नाचं चौकोनी चित्र) लिहायच्या. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागद-कापडावर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या चित्रकाराच्या बारीक, एकसारख्या रेषेत तीच शिस्त दिसते.

डाव्या कोपऱ्यातला मोर मात्र उगाच. गिऱ्हाईक मागतं म्हणून हात आपोआप वळला असावा.

फ्रेमवाल्याने चकाकणारी काच लावली, ती बदलून घेतली. तुम्ही सांगताना बिनचकाकीची काच मागा, आणि चित्र उन्हापासून, ओलीच्या भिंतीपासून लांब लावा. किमतीत घासाघीस केली नाही; एवढ्या बारीक कामाला ती कमीच वाटली.