‘१६७८ चा आंबा’ घेतला आणि ४२,९५० रुपये गेले

लिहायची लाज वाटते. पण मला नकली जुनं चित्र विकणारा तो माणूस अजून विकतोय, म्हणून लिहितोय.

‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या सतराव्या शतकातल्या सचित्र ग्रंथामधलं आंब्याचं अस्सल पान, ॲमस्टरडॅमला छापलेलं, असं सांगून त्याने आधी १८,५०० घेतले, मग २३,०००, वर कुरियरच्या विम्याचे म्हणून १,४५०. हातात आलं ते चहाच्या पाण्यात बुडवून पिवळं केलेलं ऑफसेट प्रिंट! भिंग धरलं की नुसते ठिपके. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रात सलग रेघा असतात आणि पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर उमटतो. बोट फिरवलं तर लागतो. तिरप्या उजेडातला फोटो आधीच मागा.

कळायला हवं होतं ते पैसे पाठवण्याआधीच. प्रमाणपत्राच्या फोटोत स्वच्छ लिहिलं होतं, ‘खंड पहिला, १६७८’. पहिल्या खंडात नारळ आहे, केळ आहे, पपई आहे. आंबा चौथ्या खंडात, १६८३ च्या. बाराही खंडांचे स्कॅन नेटवर फुकट आहेत, मी ते कितीदा चाळलेत! रात्री अकराला तो फोटो वाचला आणि सकाळी पैसे पाठवले. ती ओळ अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मी अडाणी नाही. या पुस्तकासाठी रंगभट, विनायक पंडित, आप्पूभट या तीन कोकणी वैद्यांनी काम केलं, चित्रांवर नागरीत नावं कोरली गेली. वडिलांनी चाळीस वर्षं हापूसची कलमं बांधली, त्यांच्या खोलीत हे लावायचं होतं. त्यात ‘दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’ म्हणून त्याची घाई. अशा वेळी कोण खंड तपासतं?

चौकीत दोन तास बसवून विचारलं, “चित्र मिळालं ना? मग फसवणूक कसली?” सायबरवाले म्हणाले, वस्तू पोचली, चौकीत जा. चौकीवाले म्हणाले, पैसे ऑनलाइन गेले, सायबरकडे जा. बँक म्हणते, तुम्हीच पाठवलेत. आता तज्ज्ञाचा लेखी दाखला मागतायत. तो कुणी द्यायचा, हे एकालाही सांगता येत नाही. एक्केचाळीस दिवस झाले, साधी पोच नाही. जुनं पुस्तक म्हणजे रद्दी, असंच त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

ऑनलाइन पैसे गेले तर १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा, मी सहा दिवस घालवले.

काल त्याने फणस विकायला काढलाय. पुन्हा ‘खंड पहिला, १६७८’. फणस तिसऱ्या खंडात आहे, १६८२ च्या. घेऊ नका.