सेफ्टी टँकची बॅक्टेरिया पावडर, 11 महिन्यांनंतर (आधी चार स्टार दिले होते, आता दोन)

पहिला रिव्ह्यू मी दीड महिन्यातच टाकला होता, वास गेला म्हणून खुश होऊन चार स्टार ठोकले होते. तो काढून हा लिहितोय, कारण वास पावडरने गेलाच नव्हता. कसं ते पुढे येईल.

आधी घराचं. किरकटवाडीत राहतो, सिंहगड रोडने आत. गाव 2021 ला पुणे शहरात आलं पण आमच्या गल्लीत ड्रेनेज लाईन नाही, त्यामुळे ज्याची त्याची सेप्टिक टँक, जिला गवंड्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे सेफ्टी टँकच म्हणतात, मीही तेच लिहिणार. आमची सहा बाय तीन फूट, पाण्याची खोली पाच फूट, म्हणजे अडीच हजार लिटरच्या आसपास, आत दोन कप्पे आणि पुढे टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा. घरात माणसं पाच. शेवटची उपसली होती 2020 च्या दिवाळीआधी.

2024 ला गौरीजेवणाला पंधरा-सोळा पानं होती आणि बरोब्बर दुसऱ्या पंगतीला खालच्या संडासातलं पाणी उतरेना. मागचं चेंबर भरून वाहायला लागलं, पुढच्या खोलीत हळदीकुंकू आणि मागे मी आणि मेव्हणा सोवळ्याचे कपडे खोचून बांबू घेऊन. अशा वेळी माणूस काहीही विकत घेतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आम्ही ती पावडर टाकतो, पाच वर्षं गाडी बोलावली नाही बघ." रात्रीच ऑर्डर केली. महिन्याला एक पाकीट, बादलीभर कोमट पाण्यात कालवून रात्री कमोडमध्ये ओतायचं, पाकिटावर लिहिलेलं की टाकी पुन्हा उपसावी लागणार नाही.

पहिला डोस टाकायच्या आधी एक काम शहाणपणाचं झालं, गाळ मोजून ठेवला. आठ फुटी बांबू घेतला, खालच्या तीन फुटांना बाबांचा जुना पांढरा पंचा घट्ट गुंडाळून सुतळीने बांधला, झाकण उघडून अर्धा तास लांब थांबलो (आत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड असतो, वाकून डोकावायचं नाही, बिडीकाडी लांब), मग पहिल्या कप्प्यात तळाला टेकेपर्यंत हळूहळू सोडला, तीन मिनिटं धरला आणि सरळ वर काढला. पाण्याचा भाग नुसता मळकट दिसतो, गाळाचा भाग डांबरासारखा काळा, आणि मधली रेघ इतकी स्वच्छ की पट्टी लावून वाचता येते. ऑक्टोबरात रेघ 19 इंचावर होती. गाळ खोलीच्या एक तृतीयांश झाला की उपसायची, म्हणजे आमच्या 60 इंचाला 20.

नोव्हेंबरच्या मध्यात बाथरूमचा वास एकदम बंद. हाच तो चार स्टारवाला काळ. मार्चमध्ये पुन्हा पंचा बांधला तर रेघ 21 वर. पाच महिने, पाच पाकिटं, आणि गाळ कमी व्हायच्या ऐवजी दोन इंच वाढलेला. चार वर्षांत 19 इंच म्हणजे वर्षाला पाचेक इंच, म्हणजे पाच महिन्यांत दोन. पावडर न टाकता जेवढा वाढला असता तेवढाच वाढला की! नंतर विचार केला की साहजिक आहे, बॅक्टेरिया तर घरातली पाच माणसं रोज टाकीत सोडतातच, आणखी विकत घेऊन काय फरक पडणार, आणि वाळू तर कुठलाच बॅक्टेरिया खात नाही, केस आणि कपड्यांचे धागेही सहजी कुजत नाहीत.

मग सक्शनची गाडी बोलावली. गाडीवाले दादा कामाचे निघाले. म्हणाले तळ घासून धुवू नका, चारेक बोटं गाळ राहू द्या, तेच विरजण. आणि टाकी रिकामी झाली की लगेच पाण्याने भरा, नाहीतर बाहेरच्या मातीचा दाब भिंतीवर येतो. त्याआधी एक दुसरा माणूस येऊन गेला होता, "हजार-पंधराशे द्या, पोरगा आत उतरवून चकाचक करतो." त्याला गेटवरूनच घालवला. सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी हिंमत कशी होते लोकांची, दोन श्वासात माणूस खाली पडतो, त्याला काढायला गेलेलाही पडतो. गाडीवाल्याला हेही विचारा की मैला ओतणार कुठे. आमच्या दादांनी आधी हसून टाळलं, मग मैला शुद्धीकरण प्लांटचं नाव सांगितलं. ओढ्यात ओतला तर तो मुठा नदीतच जाणार ना.

टाकी रिकामी झाल्यावर खरं दुखणं दिसलं. आउटलेटचा टी (टी आकाराचा पाइप) जागेवरच नव्हता, तुटून तळाला पडलेला. त्या टीचं काम काय, तर वरची साय आणि खालचा गाळ अडवून मधलंच पाणी बाहेर सोडायचं. तो नाही म्हणजे साय थेट शोषखड्ड्यात, खड्ड्याची भोकं बुजलेली, पाणी मागे फिरणार नाही तर काय! गौरीजेवणाचा गोंधळ याच्यामुळे. चार इंची पीव्हीसी टी, प्लंबरची मजुरी धरून सातशे रुपये. तेवढ्यात दोन महिन्यांची पावडर येते.

त्याच आठवड्यात वॉशिंग मशीनचं पाणी टाकीतून काढून मागच्या केळींकडे वळवलं. मशीनचं पाणी एका दमात येतं आणि बसलेला गाळ ढवळतं. सर्वात अवघड काम होतं आईचं संडासात ओतायचं ऍसिड बंद करणं, त्याने टाकीतले बॅक्टेरिया मरतात. रोज सकाळी अर्धी बाटली. "मग संडास स्वच्छ कसा होणार रे? तू घासणारेस का?" शेवटी मी घासतो, ब्रश आणि साबणाने, आठवड्यातून दोनदा, आणि ती मागे उभी राहून चुका काढते.

आता वासाचं. जुलै-ऑगस्टमध्ये मुद्दाम पावडर बंद ठेवली, वास येईल म्हणून वाट बघतोय, येतच नाही. तेव्हा बायकोने आठवण करून दिली, "अहो, वास गेला तो सोलरवाला आला त्या दिवशी." खरंच, सोलर हीटर साफ करायला आलेल्या पोराने गच्चीवरच्या व्हेंट पाइपाच्या जाळीतून कुंभारमाशीचं मातीचं घर स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढलं होतं. पाइप बुजला की टाकीतला गॅस नहाणी ट्रॅपमधून घरात घुसतो. खात्री करायला मी पाइपाला प्लास्टिकची पिशवी बांधून बघितली, दुसऱ्या दिवशी सकाळी कुजक्या अंड्यांचा वास घरभर. पिशवी काढली, गेला. (तुम्ही असलं काही करू नका, मी त्या दिवशी पुरेसा बोलून घेतलाय.)

दोन स्टार तरी का, तर पावडरने नुकसान काही नाही आणि तिच्या नादाने मी झाकण उघडलं. पावसाळ्यात ती अजिबातच उपयोगाची नाही. 2025 ला मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, आमच्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, मग कातळ, जूनअखेर शोषखड्डा काठोकाठ. तेव्हा एकच उपाय, पाणी कमी वापरा आणि गच्चीचं पाणी खड्ड्याकडे येऊ देऊ नका. दुसरं म्हणजे आमचं बोअर खड्ड्यापासून जेमतेम 35 फुटांवर आहे, पाहिजे निदान 50-60 फूट. जानेवारी 2025 ला आमच्याच पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरीत जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार) पेशंट निघाले आणि संशय पाण्यावर आला, तेव्हापासून बोअरचं पाणी फक्त झाडांना आणि फरशीला, प्यायचं पाणी वेगळं, तेही उकळून.

यंदा गौरीजेवणाला अठरा पानं होती. चेंबर कोरडं होतं. दोन पाकिटं शिल्लक आहेत, काकूंना देणार होतो, पण त्यांच्याकडे परवाच सक्शनची गाडी येऊन गेली.