आधारचं कुलूप: एम-आधार ॲप चार महिने वापरून

केजला आमच्या आईनं एका दुकानात अंगठा लावून निराधारचे पैसे काढले. दुकानदार म्हणला, "मावशी, नीट उमटला नाही, परत लावा." घरी येऊन बघतो तर पैसे दोनदा गेलेले! १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, ती वेगळीच कथा.

त्या रात्रीच एम-आधार ॲप टाकलं. फुकट आहे. आधार नंबर, मोबाईलवर आलेला ओटीपी, अन् बायोमेट्रिक लॉक, म्हणजे बोटाच्या ठशाला अन् डोळ्याला कुलूप. झालं. आता आईचा अंगठा कुठल्याच मशीनवर चालत नाही, रबरी ठसा केला तरी. ओटीपीनं होणारी कामं मात्र चालू राहतात.

खरी पंचाईत रेशनला झाली. कुलूप विसरून आई रांगेत उभी राहिली, मशीनवर ३३० चा एरर, म्हणजे बायोमेट्रिकला कुलूप आहे. दुकानदारालाबी कळंना. मी बीडहून फोनवरच उघडून दिलं. तात्पुरतं उघडलं की दहा मिनिटांत आपोआप बंद होतं, म्हणून आपली पाळी आली की मगच उघडायचं.

झेरॉक्स द्यायची वेळ आली तर मास्क्ड आधार काढतो. त्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. लॉजवाला कुरकुरतो, घेतो.

एक गुण कापतो. आधारला मोबाईल जोडलेला नसेल तर हे सगळं व्यर्थ, अन् आमच्या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा नंबर जुन्या, बंद पडलेल्या सिमचा आहे. आधी आधार केंद्रावर जाऊन तो बदला. पाचपैकी चार.