जत्रेच्या बॅनरसाठी इंकस्केप वापरलं, अक्षरं अजिबात फाटली नाहीत!

आमच्या फोंडा तालुक्यातल्या गावात जत्रेला मराठी नाटक असतंच आणि बॅनरचं काम माझ्याकडे. गेल्या वर्षी एका दुकानात फाइल दिली, त्यांनी सगळ्याचं जेपीईजी, म्हणजे नुसत्या ठिपक्यांचं (पिक्सलचं) चित्र करून छापलं, चित्र 1600 पिक्सल रुंद आणि बॅनर 10 फुटांचा, म्हणजे इंचाला जेमतेम 13 ठिपके, देवीच्या नावातल्या वेलांट्यासुद्धा फाटल्या, फार वाईट वाटलं. यंदा सगळं इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं आणि मनापासून सांगते, मराठी अक्षरं आणि फोटो एकत्र छापायचे असतील तर हे वापराच. फुकट आहे, 2003 पासून चालू आहे, विंडोज मॅक लिनक्स कशावरही चालतं.

याची फाइल एसव्हीजी. अक्षरं, रेषा, वेलबुट्टी आकार म्हणूनच राहतात, 10 फूट करा की 40 फूट, कड धारदारच, आणि त्याच फाइलीत फोटो पिक्सलचा म्हणून बसतो. फोटो आत घेताना एम्बेड की लिंक विचारतं, तिथे एम्बेडच करा, म्हणजे फोटो फाइलीतच राहतो, लिंकने फाइल हलकी राहते पण फोटो वेगळा न्यायला विसरलात तर दुकानात फोटोच दिसणार नाही.

मंडळाचं जुनं चिन्ह डब्ल्यूएमएफ या विंडोजच्या जुन्या चित्र-फाइलीत पडून होतं, तोही असाच मिश्र प्रकार, चित्र काढायच्या आज्ञा आणि बिटमॅप (पिक्सलचं चित्र) दोन्ही ठेवणारा. सरळ उघडलं, मुखवट्याची एकेक रेषा पकडून रंग बदलले!

आता महत्त्वाचं. दुकानाला पीडीएफ द्या आणि सेव्ह करताना 'कन्व्हर्ट टेक्स्ट टू पाथ्स' निवडा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात, कारण दुकानवाले फाइल त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात आणि आपला फॉन्ट तिथे नसला की जोडाक्षरं सुटतात, मात्रा सरकतात. पण मग त्या पीडीएफमध्ये शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून मूळ एसव्हीजी जपून ठेवा. आणि नावामागे धूसर सावली दिली असेल तर तेवढीच सावली पिक्सलची होते, तिथे 96 डीपीआय (इंचाला ठिपके) असतं ते वाढवा, मी 300 केलं.

यंदा दुकानातल्या मुलाने झूम करत करत 'श्री' अख्ख्या मॉनिटरभर आणला, कड कुठेच तुटली नाही. नायकाचा फोटो मात्र व्हॉट्सॲपवरून आलेला, 1200 पिक्सलचा, 2 फूटच रुंद ठेवला म्हणून लांबून बरा दिसला, पुढच्या वर्षी कॅमेऱ्यातली मूळ फाइलच मागून घेणार.