रामबागेतल्या वकीलबाई: भाच्यासाठी गेले, म्हणून लिहिते

भाच्याला अनोळखी व्हिडिओ कॉल आला आणि लगेच रेकॉर्डिंग नातेवाइकांना पाठवायची धमकी. त्यानं घाबरून 8,000 रुपये भरले. दुसऱ्या दिवशी 20,000 मागितले, तेव्हा तो माझ्याकडे रडत आला. रात्रीच इंदूरच्या रामबागेत या वकीलबाईंकडे गेलो.

"ब्लॅकमेल हा शब्द कायद्यात शोधू नका," त्या म्हणाल्या. "भारतीय न्याय संहितेचं कलम 308. इथल्या हिंदी कागदांवर खंडणीला 'उद्दापन' लिहितात." मग शांतपणे समजावलं. जाणूनबुजून इजेची भीती घालायची, आणि त्या भीतीपोटी समोरच्याकडून लबाडीनं पैसे किंवा सही केलेला कागद काढून घ्यायचा. इजा शरीराचीच असते असं नाही, अब्रूचीही असते. म्हणजे 8,000 हाती पडले तिथंच गुन्हा पूर्ण, 7 वर्षांपर्यंत कैद. 20,000 दिले नाहीत, तरी त्यासाठी भीती घालणं हाही गुन्हाच, 2 वर्षांपर्यंत.

भाच्यानं खाली मान घालून विचारलं, "पण रेकॉर्डिंग खरं असेल तर?" त्या म्हणाल्या, "खरं असलं तरी त्याच्यावर पैसे उकळायचा हक्क कुणालाच नाही, बाळा." तेव्हा कुठे पोरानं मान वर केली. मला त्या एका वाक्याचेच पैसे द्यावेसे वाटले.

चॅट पुसू दिलं नाही, समोर बसवून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून घेतली. फी 500. तासभर थांबावं लागलं, जिना अरुंद आहे. वयस्क माणसांनी आधी फोन करून खालीच भेट मागावी, त्या उतरून येतात.